आवर्ती अंगघात आणि स्नायुपटलाचे विद्युत गुणधर्म : एका संशयित व्याधीचा इतिहास (इ.स. १८७६ ते २००७)

प्रस्तावना

आपल्या भागात एखाद्याचे हातपाय अचानक लुळे पडले की 'अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची रीत आहे. या शब्दप्रयोगात व्याधीचे कारण बाहेरून आलेले आणि शरीरावर कायमची खूण ठेवून गेलेले, असे कल्पिलेले असते. परंतु काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या आढळणारा अंगघाताचा एक प्रकार असा आहे की जो येतो, काही तास राहतो आणि निघून जातो. रात्री धडधाकट झोपलेला तरुण पहाटे जागा होतो तेव्हा त्याला कूस बदलता येत नाही. शुद्ध पूर्ण असते, स्पर्श कळतो, बोलता येते. केवळ हातपाय आज्ञा मानत नाहीत. दुपारपर्यंत तो उठून चालू लागतो. वैद्यापर्यंत पोहोचेतो तपासण्याजोगे काही उरलेलेच नसते. वैद्यासमोर एक निरोगी माणूस उभा असतो आणि त्याच्याजवळ पुरावा म्हणून स्वतःच्या शब्दाखेरीज काही नसते.

वैद्यकात ही व्याधी 'पिरिऑडिक पॅरालिसिस' या नावाने ओळखली जाते. तिचे झटके ठरावीक कालांतराने येतात असे नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात 'नियतकालिक' हा शब्द टाळून 'आवर्ती अंगघात' ही संज्ञा योजिली आहे. ही व्याधी दुर्मीळ आहे. तथापि विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ती एका विशेष कारणासाठी महत्त्वाची वाटते. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न येथे प्रथमपासून उपस्थित झाला आणि त्याचे उत्तर शेवटी स्नायुपेशीच्या पातळ आवरणावरील विजेच्या मोजमापातून मिळाले.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन दुहेरी आहे. पहिले असे की, या व्याधीचे स्थान रुग्णाच्या मनातून रक्तात, रक्तातून पेशीपटलात आणि पटलातून एका प्रथिनात सरकत गेले, व प्रत्येक टप्प्यावर नव्या मोजमापाने रुग्णाच्या कथनाला साक्ष दिली. दुसरे असे की, प्रत्येक टप्प्यावर मान्य झालेल्या सिद्धान्ताने काही रुग्णांना पुन्हा संशयाच्या किंवा धोक्याच्या कक्षेत ढकलले, आणि अशा अपवादात्मक घराण्यांमुळेच पुढचे पाऊल पडले. या प्रवासातील एक टप्पा मुंबईतील एका प्रयोगशाळेशी निगडित आहे. त्याची नोंद आपल्याकडील वैद्यकीय इतिहासलेखनात सहसा घेतली जात नाही. म्हणून त्याचा विचार येथे स्वतंत्रपणे केला आहे.

१. ढोंग की व्याधी?

आरंभ एका सख्ख्या भावंडासारख्या व्याधीपासून करणे सोयीचे होईल. इ.स. १८७६ मध्ये श्लेस्विग प्रांतातील युलियस थॉमसेन या डॉक्टरांनी स्वतःच्याच घराण्यातील एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकारात स्नायू लुळे पडत नाहीत, उलट आवळले की लवकर सैल होत नाहीत. विश्रांतीनंतर पहिले पाऊल टाकताना मनुष्य जखडल्यासारखा होतो आणि हालचाल करीत राहिला की मोकळा होतो. डॉक्टर स्वतः या विकाराने ग्रस्त होते. हे वर्णन प्रसिद्ध करण्यामागे त्यांचा हेतू केवळ शास्त्रीय नव्हता. त्यांच्या धाकट्या मुलावर सैनिकी सेवा टाळण्यासाठी सोंग घेत असल्याचा आरोप झाला होता. मुलाच्या बचावासाठी पित्याने घराण्याची वंशावळ वैद्यकासमोर मांडली. स्नायूंच्या आनुवंशिक विद्युत विकारांच्या इतिहासाचा प्रारंभ अशा रीतीने एका कुटुंबाने आपल्या सचोटीच्या समर्थनार्थ दिलेल्या साक्षीने झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आवर्ती अंगघाताच्या रुग्णांची स्थिती याहूनही कठीण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय वैद्यकात 'हिस्टेरिया' ही संकल्पना प्रबळ होती. शरीरात दोष दिसत नाही, लक्षण येते आणि जाते, म्हणजे कारण मनात असले पाहिजे, असा तर्क सहज केला जाई. हा तर्क खोडून काढायचा तर ऐन झटक्याच्या वेळी, रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी खूण दाखविणे आवश्यक होते.

अशी खूण इ.स. १८८५ मध्ये बर्लिन येथील कार्ल वेस्टफाल यांनी दाखविली. फ्रान्समधील ड्युशेन यांच्या कार्यामुळे त्वचेवरून विजेचा प्रवाह देऊन स्नायू आकुंचित करून पाहण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. निरोगी माणसाचा स्नायू अशा प्रवाहाला प्रतिसाद देतो. त्याने ठरवूनही तो प्रतिसाद थांबविता येत नाही. सोंग घेणाऱ्याचा किंवा मानसिक कारणाने पांगळा झालेल्याचा स्नायूही प्रतिसाद देतोच. वेस्टफाल यांच्या रुग्णाच्या चारही अवयवांतील स्नायू झटक्याच्या काळात विजेला प्रतिसाद देईनासे झाले आणि झटका ओसरताच पूर्ववत झाले. हे निरीक्षण त्यांना इतके महत्त्वाचे वाटले की अंगघाताच्या काळात विद्युत उत्तेजनक्षमता नाहीशी होते, ही गोष्ट त्यांनी लेखाच्या शीर्षकातच नमूद केली.

या एका निरीक्षणाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. व्याधी खरी आहे, आणि दोष मेंदूच्या आज्ञेत नसून आज्ञा स्वीकारणाऱ्या स्नायूत आहे. पुढे १८९० च्या दशकात वॉर्सा येथील सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी या विकाराचे कौटुंबिक स्वरूप सविस्तर मांडले. मात्र विजेला प्रतिसाद का मिळत नाही, याचे उत्तर देण्याची साधने त्या काळी नव्हती.

२. रक्तातील पोटॅशियम : एक उत्तर आणि त्याचे अपवाद

रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक झटक्याचे निमित्त फार पूर्वीपासून सांगत आले होते. दिवसभर कष्ट करून रात्री पोटभर पिष्टमय वा गोड जेवण करावे आणि झोपावे, की सकाळी झटका येतो. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर, यात्रेच्या दिवशी पुरणपोळीचे जेवण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लुळे पडलेले पाय, असा हा क्रम असू शकतो. अशा प्रसंगी देवाचा कोप, बाधा किंवा नजर हे स्पष्टीकरण सुचणे स्वाभाविक आहे. जेवण आणि अंगघात यांना जोडणारा दुवा रक्तात आहे, हे इ.स. १९३४ मध्ये बीमाँड व डॅनियल्स यांच्या आणि १९३७ मध्ये एटकेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. झटक्याच्या वेळी रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण घटलेले आढळले. पिष्टमय आहारानंतर स्रवणारे इन्शुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते. पोटॅशियमचे क्षार पोटातून दिले की झटका ओसरतो, हेही स्पष्ट झाले.

रुग्णाच्या सांगण्याला रसायनशास्त्राने दिलेला हा मोठा दुजोरा होता. परंतु त्यातूनच एक नवा पूर्वग्रह तयार झाला. आवर्ती अंगघात म्हणजे पोटॅशियमची कमतरता, असे समीकरण रुजले. ज्यांच्या रक्तात झटक्याच्या वेळी पोटॅशियम कमी आढळत नसे, त्यांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. इ.स. १९५१ मध्ये टायलर व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे एक घराणे नोंदविले. इ.स. १९५६ मध्ये स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ इंग्रिड गामस्टोर्प यांनी दाखवून दिले की, काही घराण्यांत झटक्याच्या वेळी पोटॅशियम उलट वाढते आणि पोटॅशियम दिले असता झटका येतो. या प्रकारात झटके बालपणी सुरू होतात, ते बहुधा कमी काळ टिकतात, आणि उपवास किंवा श्रमानंतरची विश्रांती त्यांना निमित्त होते.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. एका प्रकारातील औषध दुसऱ्या प्रकारात अपायकारक ठरते. 'पोटॅशियम कमी' हा सिद्धान्त चुकीचा नव्हता. तो सर्व रुग्णांना लागू केला गेला, ही चूक होती. ती चूक प्रयोगशाळेतील तर्काने उघडकीस आली नाही. नियमात न बसणाऱ्या घराण्यांच्या चिकाटीच्या नोंदींमुळे ती उघडकीस आली. आता नवा प्रश्न उभा राहिला. पोटॅशियम घटले तरी अंगघात आणि वाढले तरी अंगघात, हे कसे?

३. पटलाचा सिद्धान्त

या प्रश्नाचे उत्तर ज्या परंपरेतून यावयाचे होते तिचा उगम बेडकाच्या मांडीत आहे. इ.स. १७९१ मध्ये लुईजी गॅल्व्हानी यांनी प्राण्याच्या शरीरातच वीज असते असे प्रतिपादन केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ व २०१४ च्या निर्देशांपूर्वी आपल्या महाविद्यालयांतून ज्यांनी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके केली, त्यांना काजळी दिलेल्या फिरत्या पंचपात्रावर उमटणारी बेडकाच्या पोटरीची आकुंचनरेषा आठवत असेल. ती त्याच परंपरेतील होती.

इ.स. १९०२ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांनी पटल-सिद्धान्त मांडला. योगायोगाने त्याच वर्षी जगदीशचंद्र बसू यांचा सजीव व निर्जीवांच्या प्रतिसादांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघांचाही विषय विद्युत प्रतिसाद हाच होता. बर्नस्टाइन यांनी मात्र त्या प्रतिसादाचे स्थान पेशीच्या आवरणात निश्चित केले. त्यांचे म्हणणे असे : पेशीच्या आत पोटॅशियम पुष्कळ आणि बाहेर थोडे असते. विश्रांतीच्या स्थितीत पटल मुख्यतः पोटॅशियमलाच वाट देते. धनभारित पोटॅशियम बाहेर झिरपू पाहतो, त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋणभारित होते. माणसाच्या स्नायुपेशीत आत सुमारे १५० आणि बाहेर सुमारे ४ मिलिमोल प्रति लिटर पोटॅशियम असते. या फरकातून साधारणतः उणे ९० ते उणे ९५ मिलिव्होल्ट इतका विभव अपेक्षित ठरतो. यालाच विश्राम विभव म्हणतात.

हा आकडा एकाच पेशीत प्रत्यक्ष मोजता येण्यासाठी इ.स. १९४९ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी लिंग आणि जेरार्ड यांनी टोकाशी एक सहस्रांश मिलिमीटरहूनही बारीक असलेली काचेची नळी बेडकाच्या स्नायुतंतूत खुपसून विभव मोजण्याची पद्धत विकसित केली. इ.स. १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सली यांनी स्क्विडच्या चेतातंतूवरील प्रयोगांतून क्रिया विभवाची यंत्रणा स्पष्ट केली. उत्तेजना मिळताच सोडियमची वाट क्षणभर उघडते, सोडियम आत शिरतो, विभव धनतेकडे झेपावतो. एक-दोन मिलिसेकंदांत ती वाट आपोआप बंद होते व पोटॅशियम विभवाला पूर्वस्थितीवर आणतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. सोडियमची वाट एकदा बंद झाली की ती पुन्हा उघडण्यायोग्य होण्यासाठी पटलाचा विभव उणे ९० च्या आसपास परतावा लागतो. विभव दीर्घकाळ उणे ५० ते उणे ६० च्या पातळीवर अडकून राहिला तर सर्व वाटा बंदच राहतात. अशा स्नायूला कितीही वीज द्यावी, तो हलणार नाही. वेस्टफाल यांनी १८८५ मध्ये पाहिलेली अवस्था ती हीच.

इ.स. १९६३ मध्ये क्रॉइट्झफेल्ड व सहकाऱ्यांनी पोटॅशियम वाढणाऱ्या प्रकारातील रुग्णांच्या स्नायूंत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून मोजमाप केले व झटक्यात विभव खरोखरच शून्याकडे सरकलेला असल्याचे दाखविले. १९८० च्या दशकात जर्मनीतील रूडेल, लेमान-होर्न, रिकर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या संमतीने काढलेल्या स्नायूच्या तुकड्यांवर दीर्घ अभ्यास केला. इ.स. १९८७ मध्ये त्यांनी पोटॅशियम-वाढीच्या प्रकारात बंद होण्यास नकार देणारा एक सोडियम प्रवाह दाखविला. या प्रकारातील दोष आता निश्चित झाला होता : काही सोडियम-वाटा नीट बंद होत नाहीत, सोडियम झिरपत राहतो, विभव खाली येतो, आणि त्यामुळे उरलेल्या निर्दोष वाटाही निकामी होतात. काही थोड्या दारांच्या दोषामुळे सारे घर बंद पडावे, असा हा प्रकार होय.

४. मुंबईतील फळमाशी

दोष वाटेत आहे हे कळले, तरी ती वाट कोणत्या जनुकाने घडविली आहे, हे कळणे बाकी होते. विजेच्या मोजमापाने दोषाचे स्वरूप कळते, त्याचा वारसा कळत नाही. वारसा शोधण्यासाठी प्रजनन करता येईल असा प्राणी हवा. येथे आपल्याला माणसाच्या स्नायूपासून काही काळ दूर, फळमाशीकडे वळले पाहिजे.

इ.स. १९७१ मध्ये कॅनडातील डेव्हिड सुझुकी व सहकाऱ्यांनी फळमाशीचा एक विलक्षण उत्परिवर्तित वंश नोंदविला. २२ अंश सेल्सिअसला ही माशी सर्वसाधारण असते. २९ अंशांना ती लुळी पडते. पुन्हा गारव्यात आणली की उठून चालू लागते. त्यांनी या जनुकाला 'पॅरा' असे नाव दिले. आनुवंशिक, झटक्याने येणारा, विशिष्ट निमित्ताने उद्भवणारा आणि संपूर्णपणे ओसरणारा अंगघात प्रयोगशाळेच्या बाटलीत उपलब्ध झाला.

या संशोधनाशी मुंबईचा संबंध ओबेद सिद्दिकी यांच्यामुळे आला. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून सिद्दिकी यांनी इ.स. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेच हे वर्ष. भौतिकी व गणितासाठी ख्यात असलेल्या कुलाब्याच्या या संस्थेत जीवशास्त्राला स्थान मिळणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. जीवाणूंच्या जनुकशास्त्रातून सिद्दिकी चेतासंस्थेच्या जनुकशास्त्राकडे वळले. कॅलिफोर्नियातील सीमोर बेन्झर यांच्यासमवेत त्यांनी इ.स. १९७६ मध्ये तापमान-संवेदी अंगघात असलेल्या माश्यांच्या चेताक्रियात्मक दोषांवर निबंध प्रसिद्ध केला. माशी लुळी पडत असताना विद्युत संदेश कोठे खंडित होतो, हा त्यातील प्रश्न होता. 'कोमाटोज' हा नवा वंशही याच कार्यातून पुढे आला. ही माशी उष्णतेने पडते आणि गारव्यात आणल्यावरही बराच वेळ निपचित राहते. वेस्टफाल यांनी एका रुग्णाच्या बाबतीत विचारलेला प्रश्न येथे वंशावळ हाती असलेल्या प्राण्याला विचारला गेला, असे म्हणता येईल.

टाटा संस्थेत पुढे के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांवरील संशोधन दीर्घकाळ चालविले. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत शांती चंद्रशेखरन यांनी अभ्यासलेल्या अशाच एका तापमान-संवेदी वंशाचे नाव 'स्तंभ' असे आहे. चरकसंहितेतील 'ऊरुस्तंभ' या संज्ञेमुळे आपल्या परिचयाचा असलेला हा शब्द आज जगातील जनुकांच्या सूचीत नोंदलेला आहे. जपानी भाषेत बधिरतेचा अर्थ असलेला 'शिबिरे' हा शब्दही त्याच सूचीत आहे.

येथे दोन मर्यादा स्पष्ट करणे इतिहासलेखकाचे कर्तव्य ठरते. एक, 'पॅरा' माशीतील दोष चेतातंतूंत आहे. कीटकांच्या स्नायूंतील विद्युत स्पंद मुख्यतः कॅल्शियमवर चालतो. तेव्हा माशीचा अंगघात हा मानवी व्याधीची प्रतिकृती नव्हे. दोन, मानवी जनुकाचा शोध माशीमुळेच लागला असा थेट कार्यकारणसंबंधही सांगता येणार नाही. साम्य वैचारिक आहे. उठता-पडता अंगघात हा एकाच जनुकातील, एकाच रेणूतील दोषामुळे होऊ शकतो, आणि निमित्त मिळेपर्यंत तो रेणू आपले काम करीत राहू शकतो, ही कल्पना या माश्यांनी विश्वासार्ह केली. इ.स. १९८९ मध्ये लॉफनी, क्रेबर व गॅनेट्झकी यांनी 'पॅरा' जनुक सोडियमच्या आयनमार्गाचे प्रथिन घडवितो, हे सिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांत मानवी व्याधीचे उत्तर मिळाले.

५. एका प्रथिनापर्यंत

सोडियम आयनमार्गाच्या प्रथिनाची संपूर्ण रचना प्रथम इ.स. १९८४ मध्ये जपानमधील शोसाकु नुमा यांच्या गटाने उलगडली. त्यासाठी त्यांनी वापरलेला प्राणी होता विजेचा ईल मासा. ज्या 'प्राणिज विजे'च्या कुतूहलातून अठराव्या शतकात या विषयाचा आरंभ झाला, तिच्याकडेच रेण्वीय जीवशास्त्र अशा रीतीने परतले. दरम्यान नेहेर व साकमान यांनी १९७६ मध्ये विकसित केलेल्या 'पॅच क्लॅम्प' पद्धतीमुळे एकेका आयनमार्गाचे उघडणे-मिटणे नोंदविता येऊ लागले होते.

इ.स. १९९० मध्ये फाँतेन व सहकाऱ्यांनी पोटॅशियम-वाढीच्या प्रकाराचा संबंध सतराव्या गुणसूत्रावरील स्नायूंच्या सोडियम आयनमार्गाच्या जनुकाशी जोडला. इ.स. १९९१ मध्ये त्या जनुकातील उत्परिवर्तने ओळखली गेली. त्याच वर्षी कॅनन, ब्राउन व कोरी यांनी रुग्णाच्या स्नायूपासून वाढविलेल्या पेशींत हा आयनमार्ग पोटॅशियम वाढताच बंद होण्यात कसा चुकतो, ते दाखविले. थंडीने स्नायू आखडणाऱ्या व दुर्बल होणाऱ्या, ऑयलेनबुर्ग यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकाराचे मूळही १९९२ मध्ये याच जनुकात सापडले. माशीला उष्णता, माणसाला थंडी. निमित्ते वेगळी, परंतु दोष एकाच जातीच्या रेणूत. थॉमसेन यांच्या घराण्यातील व्याधी मात्र क्लोराइडच्या आयनमार्गाशी संबंधित असल्याचे १९९२ नंतर स्पष्ट झाले. पित्याच्या साक्षीला शंभराहून अधिक वर्षांनी रेण्वीय दुजोरा मिळाला.

६. उरलेला विरोधाभास

पोटॅशियम घटणाऱ्या प्रकाराचे कोडे यानंतरही सुटले नव्हते. इ.स. १९९४ मध्ये या प्रकारातील बहुसंख्य घराण्यांत स्नायूच्या कॅल्शियम आयनमार्गाच्या जनुकात दोष असल्याचे कळले. काही घराण्यांत तो सोडियम आयनमार्गातच आढळला. परंतु कारण कळले तरी यंत्रणा कळेना. बर्नस्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार बाहेरील पोटॅशियम ४ वरून २ वर आले तर पेशीचा विभव अधिक ऋण, म्हणजे उणे ११० च्याही पलीकडे जावयास हवा. रूडेल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मोजले तेव्हा रुग्णाचे स्नायुतंतू अशा द्रवात उलट दिशेने, शून्याकडे सरकलेले आढळले. सिद्धान्त एक सांगत होता आणि रुग्णाचा स्नायू दुसरेच.

हे कोडे इ.स. २००७ मध्ये सुटले. आयनमार्गाच्या प्रथिनात विभवातील बदल ओळखणारा एक भाग असतो. त्यावर आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लाचे घटक ठरावीक अंतरावर असतात. पोटॅशियम घटणाऱ्या प्रकारातील उत्परिवर्तने प्रायः यांपैकी एखादे आर्जिनिन बदलून टाकतात. सोकोलोव, शॉयर व कॅटरॉल यांनी, तसेच स्वतंत्रपणे स्ट्रायक व कॅनन यांनी असे दाखविले की, आर्जिनिन गेल्यामुळे मुख्य मार्गाशेजारी एक अतिसूक्ष्म आडवाट निर्माण होते आणि विश्रांतीच्या स्थितीत तीतून धनभार आत झिरपत राहतो. एरवी पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह ही गळती भरून काढतो. परंतु रक्तातील पोटॅशियम घटले की पोटॅशियमचे विशिष्ट आयनमार्ग क्षीण होतात, तराजू गळतीच्या बाजूला झुकतो आणि विभव उणे ६० च्या आसपास येऊन अडकतो. झटक्यांच्या मधल्या काळात रुग्ण निरोगी का दिसतो, याचेही उत्तर यात आहे. दोष सतत असतो. त्याची भरपाई करणारा प्रवाह पुरेसा असेपर्यंत तो दिसत नाही.

दोन विरुद्ध निमित्तांमुळे एकच परिणाम कसा होतो, या १९५६ पासून उभ्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे मिळाले. दोन्ही प्रकारांत पटल अपुऱ्या विभवावर अडकते. तेथे पोहोचण्याचे मार्ग तेवढे भिन्न आहेत. बर्नस्टाइन यांचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरला नाही. त्यात न धरलेली एक गळती लक्षात आली.

७. आपल्या परिसराच्या संदर्भात

हा इतिहास बर्लिन, स्वीडन किंवा कुलाब्यापुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. भारतातील रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पोटॅशियम घटून येणाऱ्या अंगघाताचे रुग्ण नियमितपणे आढळतात. त्यांपैकी अनेकांत कारण आनुवंशिक नसून मूत्रपिंडाचे किंवा थायरॉइड ग्रंथीचे विकार हे असते. म्हणजे कारणांचा विवेक करणे आपल्याकडे अधिकच आवश्यक आहे. हातपाय लुळे पडलेल्या माणसाला अशक्तपणा समजून घरगुती उपाय म्हणून शहाळ्याचे पाणी देणे ही सहज कृती आहे. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. एका प्रकारातील रुग्णाला ते उपकारक, तर दुसऱ्या प्रकारातील रुग्णाला अपायकारक ठरू शकते. गामस्टोर्प यांच्या घराण्यांनी शिकविलेला धडा कृष्णा-कोयनेच्या काठीही तितकाच लागू पडतो : झटक्याच्या वेळी रक्त तपासल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

याहून मोठा धडा घराण्याच्या स्मृतीविषयी आहे. हा विकार प्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पोटॅशियम घटणाऱ्या प्रकारात स्त्रियांमध्ये लक्षणे सौम्य राहू शकतात किंवा उद्भवतही नाहीत. त्यामुळे आजोळकडील व्याधी नातवात अकस्मात प्रकटल्यासारखी वाटते. आपल्याकडे वंशावळ ठेवण्याची परंपरा मुख्यतः पितृकुळाची आहे. आईच्या माहेरचा इतिहास विचारला गेला नाही, तर अशी व्याधी 'घराण्यात नाही' असेच सांगितले जाईल. ग्रामीण समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाने मौखिक कथनांतील 'बाधा', 'सोंग', 'आळस' या शब्दांकडेही या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. मात्र जुन्या प्रत्येक कथेवर आधुनिक निदान लादणे, किंवा ऊरुस्तंभासारख्या प्राचीन संज्ञेचा या व्याधीशी परस्पर मेळ घालणे, हे इतिहासशास्त्राला मान्य होणार नाही. पुरावा नसेल तेथे शक्यता नोंदवून थांबणे श्रेयस्कर.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. आवर्ती अंगघाताचा इतिहास हा संशयाकडून मोजमापाकडे झालेला प्रवास आहे. १८८५ मध्ये त्वचेवरून दिलेल्या प्रवाहाने व्याधी खरी असल्याचे दाखविले. १९३४ नंतर रक्ताच्या परीक्षणाने तिचे निमित्त दाखविले. १९६३ नंतर सूक्ष्म इलेक्ट्रोडने तिचे स्थान दाखविले. आणि १९९१ ते २००७ या काळात जनुकशास्त्राने तिचे कारण व यंत्रणा दाखविली. या प्रत्येक टप्प्यावर उत्तर मिळाल्याची भावना निर्माण झाली आणि प्रत्येक वेळी नियमात न बसणाऱ्या रुग्णांनी ती अपुरी ठरविली. मुंबईतील फळमाश्यांवरील कार्य हे या प्रवासातील एक समांतर पाऊल होते. ते मानवी व्याधीचे उत्तर नव्हते, परंतु प्रश्न कसा विचारावा हे त्याने दाखविले. आणि मूलभूत संशोधनाचे मोल पुष्कळदा याच स्वरूपाचे असते.

या साऱ्या इतिहासात उपकरणे बदलत गेली, सिद्धान्त बदलले. परंतु रुग्ण जे सांगत होते ते प्रारंभापासून तेच होते. जेवणानंतर येते, विश्रांतीनंतर येते, वडिलांनाही येत असे, आणि मी सोंग करीत नाही. विज्ञानाला हे चार साधे शब्दप्रयोग समजावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पुढच्या वेळी आपल्यासमोर एखादा विद्यार्थी, एखादा शेतमजूर किंवा शेजारी असे काही सांगू लागला, तर मोजमाप करण्यापूर्वी त्याचे म्हणणे नोंदवून घेणे, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.